हॅम्स्टर घरी येण्याआधी : अलेप्पोच्या एका बिळाचा इतिहास

१२ एप्रिल १९३०. सीरियातील अलेप्पो शहराजवळच्या गव्हाच्या शेतात काही मजूर खणत होते. स्थानिक शेखाने माणसे मिळवून दिली होती. पिकाची नासाडी होत होती आणि खड्डा खोल होत चालला होता. हा खटाटोप कुठल्या पुरलेल्या धनासाठी नव्हता. मुठीत मावेल एवढ्या एका सोनेरी कृंतकासाठी होता.

आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत जो सोनेरी हॅम्स्टर विकत मिळतो, तो जवळजवळ निश्चितपणे त्या दिवशी सापडलेल्या एकाच वेताचा वंशज आहे. एवढेच नव्हे. पहिला हॅम्स्टर घरी आणताना जे प्रश्न पडतात (एक आणावा की जोडी, पिंजरा कशाचा असावा, भुसा किती घालावा, हातात कधी घ्यावा) त्यांची बहुतेक उत्तरे त्या शेतात आणि पुढच्या काही महिन्यांत मिळालेली आहेत. ती मिळवताना बरेच जीव गेले.

हा प्राणी तोवर अगदीच अज्ञात नव्हता. १८व्या शतकात अलेप्पोत अलेक्झांडर आणि पॅट्रिक रसेल हे दोघे स्कॉटिश डॉक्टर बंधू राहत होते. अलेप्पोच्या निसर्गावरील त्यांच्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत हॅम्स्टरची नोंद आहे. एकाचे विच्छेदन केले तेव्हा त्याच्या दोन्ही गालांतील पिशव्या घेवड्याच्या कोवळ्या शेंगांनी भरलेल्या आढळल्या, आणि त्याही इतक्या नीट, लांबीने एकमेकींना लागून रचलेल्या की पाहणारा चकित झाला. यातले धाकटे बंधू पॅट्रिक पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रास इलाख्यात आले आणि तेथे त्यांनी सापांचा अभ्यास केला. महाराष्ट्रात ज्याला घोणस म्हणतात, त्या सापाच्या इंग्रजी नावातला 'रसेल' तो हाच.

१८३९ साली जॉर्ज वॉटरहाउस यांनी लंडनमध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८०च्या सुमारास ब्रिटिश वकिलातीतील स्कीन नावाच्या अधिकाऱ्याने काही हॅम्स्टर एडिंबरोला नेले; त्यांची वेल सुमारे तीस वर्षे चालली आणि खुंटली. त्यानंतर पुन्हा शांतता.

ही शांतता मोडली ती एका आजारामुळे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अॅडलर हे परजीवीशास्त्रज्ञ लीश्मानिया या परजीवीवर संशोधन करत होते. वाळूमाशीच्या दंशातून पसरणारा हा परजीवी म्हणजेच बंगाल, बिहार आणि आसामात गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या काळ्या आजाराचे कारण. (अॅडलर हे मोठे बहुश्रुत गृहस्थ, डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'चा हिब्रू अनुवाद पुढे त्यांनीच केला.) प्रयोगांसाठी ते चिनी हॅम्स्टर वापरत. पण ते प्रयोगशाळेत वीत नसत आणि दर खेपेला चीनहून मागवावे लागत. तेव्हा जवळपासचाच एखादा हॅम्स्टर मिळवून द्यावा, अशी विनंती त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांना केली. अहरोनी अलेप्पोला गेले ते यासाठी.

अहरोनींच्या आठवणींनुसार बीळ आठ फूट खोल होते. हा आकडा जरा जपूनच घ्यावा. पुढे मोजली गेलेली बिळे यापेक्षा पुष्कळ उथळ निघाली. बिळाच्या तळाशी एक मादी आणि तिची अकरा पिल्ले सापडली. डोळेही न उघडलेल्या त्या पिल्लांना आईसह एका पेटीत ठेवण्यात आले. सगळ्यांना वाटले, आई सोबत आहे, म्हणजे पिल्ले जगतील. पण त्या मादीने जवळच्या पिल्लाचे डोके चावून तोडले. ते पाहून अहरोनींच्या सोबत्याने तिला बाहेर काढले आणि सायनाइडच्या बरणीत टाकले.

आज कोणताही जाणकार सांगेल की घर उद्ध्वस्त झालेली, भेदरलेली हॅम्स्टर मादी पिल्ले मारते. तो तिचा दुष्टपणा नव्हे. दुकानातून आणलेली मादी कधीकधी आधीच गाभण असते, आणि गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा असल्याने घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पेटीत गुलाबी पिल्ले दिसू शकतात. अशा वेळी पेटी हलवू नये, पिल्लांना हात लावू नये, साफसफाईही थांबवावी. अन्न-पाणी ठेवून दूर व्हावे. अलेप्पोच्या त्या मादीला एवढेही मिळाले नव्हते.

अहरोनी आणि त्यांच्या पत्नीने उरलेली पोरकी पिल्ले हाताने वाढवली. पुढे ती माउंट स्कोपसवरील विद्यापीठाच्या प्राणिगृहात हाइम बेन-मेनाखेम यांच्या स्वाधीन झाली. तेथे त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवले गेले. कुरतडणाऱ्या प्राण्याला लाकडाची तटबंदी! रात्रीतून पाच पिल्लांनी तळ पोखरला आणि ती पसार झाली. एकही जगली नाही. उरलेल्या मोजक्यांपैकी एक मादी नराच्या तोंडी पडली. म्हणजे एका संपूर्ण जातीचे भवितव्य आता हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या भावंडांवर येऊन ठेपले होते.

बेन-मेनाखेम यांनी भावा-बहिणीची जोडी जुळवली आणि ती यशस्वी झाली. वर्षभरात हॅम्स्टरांची संख्या दीडशेच्या घरात गेली. १९३१ साली अॅडलर यांनी काही हॅम्स्टर इंग्लंडला नेले, तेही कोटाच्या खिशांतून, असे सांगतात. तेथून ते इतर प्रयोगशाळांत, मग प्राणिसंग्रहालयात, मग हौशी लोकांच्या घरी पोहोचले. १९३८मध्ये अमेरिकेत गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे त्यांचा व्यापारच उभा राहिला. लहान, स्वस्त, निर्गंध, मुलांना सांभाळता येईल असा प्राणी, अशी त्याची जाहिरात झाली. तो मुळात कुठे आणि कसा राहतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळायला विसावे शतक सरत यावे लागले. १९९७ आणि १९९९ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रोल्फ गाटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीरिया व दक्षिण तुर्कस्तानच्या सीमाभागातली बिळे शोधून मोजली. ती सरासरी सुमारे ६५ सेंटीमीटर खोल होती, काही मीटरभरापेक्षा किंचित अधिक. आणि एकाही बिळात दोन प्रौढ हॅम्स्टर एकत्र सापडले नाहीत.

तेव्हा 'एकट्याला करमणार नाही' म्हणून सोनेरी हॅम्स्टरची जोडी आणणे ही माया माणसाच्या मापाची आहे, हॅम्स्टरच्या नव्हे. लहानपणी एकत्र वाढलेली भावंडेही महिना-दीड महिन्यात वयात येतात आणि एकमेकांना जखमी करतात, प्रसंगी मारून टाकतात. एका पिंजऱ्यात एकच, हा नियम येथे तडजोडीचा नाही. (दुकानांत याहून लहान, बुटक्या जातीही असतात. त्यांतल्या काही थोड्या अधिक सहनशील असतात, पण तेथेही जोडी टिकेलच असे नाही.)

खोलीचा मुद्दा त्याहून जास्त दुर्लक्षिला जातो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील संशोधकांनी सोनेरी हॅम्स्टरांना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर जाडीच्या थरावर ठेवून पाहिले. उथळ थरावरचे हॅम्स्टर पिंजऱ्याचे गज कितीतरी अधिक कुरतडत होते. दुकानात रंगीत नळ्या आणि मजले असलेला जो चिमुकला पिंजरा मिळतो, त्याच्या ताटलीत चार बोटे भुसासुद्धा मावत नाही. त्याऐवजी पसरट, मोठी काचेची टाकी बरी. वरून हवा खेळती राहील अशी जाळी, आणि आत निदान वीतभर, जमल्यास दोन विती थर. थर कागदी लगद्याचा किंवा धूळ नसलेल्या लाकडी भुशाचा असावा. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूड टाळावे, कारण त्यातील द्रव्ये श्वसनाला बाधक असतात. चाक सलग पृष्ठाचे हवे. काड्यांच्या चाकात पाय अडकतात. ते एवढे मोठे असावे की धावताना पाठ वाकणार नाही.

महाराष्ट्रात एक गोष्ट निराळी सांगावी लागते. सीरियाचा उन्हाळाही कडक असतो, पण तेथला हॅम्स्टर जमिनीखाली उतरतो. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात काचेच्या टाकीतल्या हॅम्स्टरला उतरायला जागा नसते. वीस ते चोवीस अंश हे त्याला मानवणारे तापमान. टाकी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत असावी. ही व्यवस्था होणार नसेल तर हॅम्स्टर आणण्याचा बेत पावसाळ्यापर्यंत नव्हे, कायमचाच पुढे ढकलावा, कारण पुढचा उन्हाळा येणारच असतो. त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. तेवढ्या काळात लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शहरात आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे.

अलेप्पोभोवतीच्या शेतांत आज हाच प्राणी धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो. शेतकरी त्याला पिकाचा शत्रू मानतात. जगभरच्या घरांत तो उदंड आहे आणि स्वतःच्या मुलखात विरळ.

टाकी दोन दिवस आधीच लावून ठेवावी. हॅम्स्टर आला की त्याला आत सोडावे, पाणी आणि धान्य ठेवावे आणि पहिले काही दिवस हात आत घालू नये. दिवसा तो झोपेल; त्याला उठवू नये. रात्री उठून तो वाटीतला एकेक दाणा गालांत भरेल आणि टाकीच्या एखाद्या कोपऱ्यात भुशाखाली नेऊन ठेवेल. सकाळी वाटी रिकामी दिसते म्हणून पुन्हा काठोकाठ भरू नये. आठवड्याने सफाई करताना ओले, नासके तेवढे काढावे आणि कोरड्या दाण्यांचा साठा त्याच कोपऱ्यात राहू द्यावा.