सुरक्षा कॅमेऱ्याची ऑनलाइन खरेदी

घरासाठी सुरक्षा कॅमेरा निवडताना चित्राच्या स्पष्टतेआधी त्या उपकरणाचीच सुरक्षितता तपासणे इष्ट ठरते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली होती.

भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेचे निकषही लागू झाले आहेत. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विक्रेत्याकडून मागवून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. उत्पादनाचा मूळ देश विक्रीपानावर दर्शवणेही बंधनकारक आहे.

घराच्या दारासाठी दोन मेगापिक्सेल बहुधा पुरेसे असतात; मात्र पावसात भिजणाऱ्या जागी आयपी६६ दर्जाचाच कॅमेरा घ्यावा. जाहिरातीत मेगापिक्सेल ठळक असतात, क्लाउड साठवणुकीचे मासिक शुल्क मात्र बारीक अक्षरांत. मेमरी कार्डावर चित्रण होते का, हे त्यामुळे आधीच विचारावे. कॅमेरा हाती येताच पासवर्ड बदलावा आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी रात्रीचे चित्रण पाहून घ्यावे. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.