बीसीजी आणि डॉक्टरांची शंका
बीसीजी या क्षयावरच्या लसीच्या कुळकथेत आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ ही दोन नावं आधी येतात. फ्रान्समधल्या लील शहरातल्या पाश्चर संस्थेत 1908 पासून त्यांनी गायीच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या कापावर, ग्लिसरीन आणि पित्त घालून वाढवले. दर तीन आठवड्यांनी नवा काप, असं 13 वर्षांत सुमारे 230 वेळा. पित्त घातलं ते जंतूंच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, पण त्याने त्यांचा जहालपणाही उतरत गेला. 1921 साली पॅरिसमध्ये, क्षयाने आई गेलेल्या एका तान्ह्या बाळाला ही लस पाजण्यात आली. तरीही माझं मत असं, की लस जन्माला घातली या दोघांनी, पण तिला विश्वासाला पात्र केलं ते तिच्यावर शंका घेणाऱ्या डॉक्टरांनी. काल्मेतने बालमृत्यू घटल्याचे आकडे दिले, तेव्हा ब्रिटनचे मेजर ग्रीनवुड (मेजर हे नाव, हुद्दा नव्हे) यांनी विचारलं, तुलनेतली मुलं एकसारख्या परिस्थितीतली होती का? स्वीडनच्या वॉलग्रेन यांनी पाजणं सोडून त्वचेत टोचणं पत्करलं, कारण लस लागली की नाही हे ट्युबरक्युलिन या त्वचेवरच्या चाचणीने तपासता येत होतं.

मग 1930 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकला लस पाजलेली सत्तरहून अधिक बाळं दगावली. चौकशीत निघालं की त्याच प्रयोगशाळेत ठेवलेले जहाल जंतू लसीत मिसळले होते. बीसीजी निर्दोष होती. शंकेपायी वर्षं वाया गेली, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही: ब्रिटनने शाळकरी मुलांना ही लस द्यायला 1953 उजाडू दिलं. पण 1950 मध्ये सुरू केलेल्या काटेकोर चाचणीमुळे तिथल्या डॉक्टरांच्या हाती पक्का पुरावा आला. उलट, आपल्याकडे मोहीम 1951 पासून देशभर पसरली आणि मोठी चाचणी तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झाली. 1979 च्या अहवालाने सांगितलं की मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस अडवत नाही. मग बाळांना तरी का द्यायची? कारण मेंदूच्या आवरणाचा आणि सर्व अंगभर पसरणारा क्षय लहान मुलांनाच अधिक गाठतो, आणि त्यांपासून ती चांगलं रक्षण करते. म्हणून बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर बीसीजी द्याच. पण घरातल्या मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर लहानपणी लस घेतल्याच्या भरवशावर न राहता थुंकी तपासून घ्या.