बातमी आणि झडप

शत्रूच्या साऱ्या फौजेशीं झुंजत बसण्यापेक्षां त्याच्या नायकावरच नेमका घाला घालावा, ही युक्ति फार जुनी आहे. तिला दोन गोष्टी लागतात: खरी बातमी, आणि ती शिळी होण्यापूर्वीं मारलेली झडप. १९४३ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन हेरखात्यानें जपानी आरमाराचा एक सांकेतिक संदेश उलगडला. सरसेनापति यामामोटो कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोठें उतरणार, हें त्यांत होतें. १८ एप्रिल रोजीं ग्वाडलकनाल बेटावरून सोळा लढाऊ विमानें निघालीं. शत्रूच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तीं समुद्रालगत चारशें मैलांहून अधिक उडत गेलीं आणि बूगनव्हिल बेटावर त्यांनीं यामामोटोचें विमान पाडलें.

त्यापूर्वीं अडीचशें वर्षें असाच एक घाला कोल्हापुराहून निघाला होता. विमानाचें काम तेव्हां घोड्यानें केलें.

१६८९ च्या आरंभीं मुकर्रबखान पन्हाळा घेण्याच्या कामगिरीवर कोल्हापूर प्रांतांत होता. हा मूळचा गोवळकोंड्याचा सरदार शेख निजाम; १६८७ मध्यें तो औरंगजेबास मिळाला. किल्ल्याकडे लक्ष असतांही त्यानें संभाजीमहाराजांच्या हालचालींवर हेर ठेविले होते. महाराज थोड्या लोकांनिशीं संगमेश्वरीं आहेत, असें कळतांच तो निवडक स्वारांसह निघाला. ‘मासिरे आलमगिरी’ ही मोगल तवारीख हें अंतर ४५ कोस सांगते. मध्यें सह्याद्रीचे बिकट घाट आणि दाट रान. बरेच लोक मागें पडले. खान थांबला नाहीं. फेब्रुवारीच्या प्रारंभीं तो संगमेश्वरावर जाऊन पडला. म्हाळोजी घोरपडे लढतां लढतां कामास आले. महाराज व कवि कलश कैद झाले. हेरांनीं दिलेल्या सूचनेवर महाराजांनीं विश्वास ठेविला नाहीं, असें मोगल लेखक म्हणतात. परंतु तो शत्रूचा मजकूर असल्यानें तोलूनच घेतला पाहिजे. घाट हीच आपली भिंत, हा भरंवसा मात्र त्या दिवशीं फसला.

खानास ‘खानजमान फतेजंग’ हा किताब मिळाला. ११ मार्च १६८९ रोजीं भीमातीरीं महाराजांचा वध झाला. त्याच वर्षीं रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हातीं लागले. मराठ्यांचें राज्य बुडालें, असें बादशहास वाटलें असल्यास नवल नाहीं. पण राजाराममहाराज जिंजीस निसटले, आणि म्हाळोजींचे पुत्र संताजी यांनीं मोगली फौजांस वर्षानुवर्षें स्वस्थता लाभूं दिली नाहीं. १७०० मध्यें राजाराममहाराज वारल्यावर ताराबाईंनीं युद्ध चालविलें. १७०७ मध्यें औरंगजेब अहमदनगरीं मरण पावला, तेव्हांही तें संपलें नव्हतें. यामामोटो पडल्यावर जपानही दोन वर्षांहून अधिक काळ लढत राहिला.

नायक कोठें आहे, हें हेर सांगूं शकतो. त्याच्यामागें कोण उभें राहील, हें त्यास सांगतां येत नाहीं. ज्या प्रांतांतून मुकर्रबखान दौडत निघाला, त्याच प्रांतांत, पन्हाळ्यावर, ताराबाईंनीं पुढें करवीरच्या गादीचा पाया घातला.