पाण्याने थंड होणारा संगणक : सुटे भाग निवडताना

इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, तर एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅटपर्यंत. ही वीज जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते. दोन्ही भाग एकाच वेळी राबत असतील, तर कॅबिनेटमधून सुमारे ८३० वॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. हिवाळ्यात एखादी लहान खोली उबदार ठेवायला एवढी उष्णता पुरेशी असते. अशा संगणकासाठी स्वतंत्र भाग निवडून जलशीतन प्रणाली उभारण्याकडे अनेकांचा कल असतो.

तिची रचना साधी आहे. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर बसवलेला तांब्याचा वॉटर ब्लॉक उष्णता द्रवात उतरवतो, पंप तो द्रव रेडिएटरपर्यंत नेतो आणि पंखे ती उष्णता हवेत सोडतात. कारखान्यातूनच भरून येणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ कूलरमध्ये हे सारे जोडलेले असते. स्वतंत्र प्रणालीत मात्र प्रत्येक भाग, प्रत्येक सांधा आणि गळतीची जोखीम ग्राहकाची असते.

या पद्धतीविषयीचा सर्वात मोठा गैरसमज तापमानाचा आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती केवळ दुसरीकडे नेते. पंख्यांवर चालणारी कोणतीही प्रणाली द्रवाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. युरोपातील २२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे म्हणूनच दिल्ली वा नागपूरच्या मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. खोली ३८ अंशांवर असेल आणि द्रव तिच्याहून १० अंशांनी गरम राहत असेल, तर नळ्यांतून ४८ अंशांचा द्रव फिरेल. अनेक पंपांची आणि पेटजी प्लास्टिकच्या कडक नळ्यांची सुरक्षित मर्यादा ६० अंशांच्या आसपास मानली जाते. त्यामुळे भारतात वातानुकूलन नसलेल्या खोलीसाठी रेडिएटर निवडताना हात आखडता घेणे महागात पडते.

हिशेबासाठी जुळणी करणाऱ्यांत एक ढोबळ नियम रूढ आहे : मध्यम गतीच्या एका १२० मिमी पंख्याएवढ्या रेडिएटरमागे सुमारे १०० वॅट. त्यानुसार ३६० मिमीचे दोन रेडिएटर ६०० वॅट सांभाळतात. खेळांत प्रोसेसर क्वचितच पूर्ण क्षमतेने चालतो, त्यामुळे तेवढ्यावर भागू शकते. तासन्‌तास चालणाऱ्या त्रिमित चित्रणाच्या कामासाठी तिसरा रेडिएटर हवा. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे खरेदीपूर्वीच मोजावे. रेडिएटरच्या जाडीत पंख्यांचे २५ मिमी मिळवायला बरेच जण विसरतात. दाट पात्यांचा रेडिएटर जोरदार पंखे मागतो आणि धूळही लवकर धरतो. आपल्याकडील धुळीत विरळ पात्यांचा रेडिएटर अधिक सोयीचा.

द्रव आधी प्रोसेसरकडे न्यावा की कार्डाकडे, यावर बरीच चर्चा झडते. ती बहुतांशी व्यर्थ आहे. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल, तर ८३० वॅट उष्णता घेऊनही द्रवाचे तापमान एका फेरीत जेमतेम ३ अंशांनी वाढते. नळ्या जिथून सरळ जातील, तो क्रम योग्य. पंपाला मात्र द्रव नेहमी टाकीतून मिळाला पाहिजे, कारण कोरडा चाललेला पंप लवकर निकामी होतो. म्हणून टाकी पंपाच्या वर हवी.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक निवडताना चिपचे नाव पाहून भागत नाही. एकाच आरटीएक्स ५०९० चिपवर वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या मांडणीचे सर्किट बोर्ड बनवतात आणि ब्लॉकची छिद्रे त्या विशिष्ट मॉडेलशीच जुळतात. म्हणून आधी ब्लॉक उपलब्ध आहे का ते पाहावे, मगच कार्ड घ्यावे. मूळ कूलर काढल्यास हमी टिकते का, हेही विक्रेत्याकडून लेखी घेतलेले बरे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे प्रोसेसर आणि कार्डे सहज मिळतात. नेमक्या मॉडेलचा ब्लॉक मात्र अनेकदा मागवून घ्यावा लागतो.

धातूंची निवड हा सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच द्रवात आले की विद्युतरासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. स्वस्त रेडिएटर अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढ्यावरच थांबावे. नळाचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार साचतात. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक व शेवाळरोधक मिसळावे किंवा तयार शीतलक वापरावे. रंगीत, विशेषतः चमकदार कण असलेले द्रव छायाचित्रात छान दिसतात आणि खाचा बुजवतात.

नवख्यांसाठी रबराची काळी ईपीडीएम नळी उत्तम. ती पारदर्शक मऊ नळीसारखी धूसर होत नाही आणि कडक नळीसारखी तापवून वाकवावीही लागत नाही. फिटिंगचा आटा बहुतेक ठिकाणी जी १/४ हाच असतो. मात्र नळीचा आतील व बाहेरील व्यास फिटिंगवरील आकड्यांशी तंतोतंत जुळला पाहिजे. १०/१३ च्या फिटिंगमध्ये १०/१६ ची नळी बसत नाही.

गळतीची भीती निराधार नाही. ॲपलने २००४ साली आणलेल्या द्रवशीतित पॉवर मॅक जी५ यंत्रांतही पुढे गळतीच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून द्रव भरण्यापूर्वी हवेच्या दाबाने चाचणी करण्याचे साधन खरेदीच्या यादीत असावेच. त्यानंतर मदरबोर्ड व कार्डाची वीजजोडणी काढून, एसएमपीएसवर फक्त पंप दिवसभर चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू कागद ठेवून ओल दिसते का ते पाहावे. सर्वात खालच्या बिंदूवर निचऱ्याची तोटी आताच बसवलेली बरी, कारण साधारण वर्षभराने द्रव बदलावा लागतो आणि तोटी नसेल, तर त्यासाठी भरलेली नळीच सोडवावी लागते.