प्रवाळांचे आरोग्य (मालवण)

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ, खडकाळ समुद्रात वाढणाऱ्या प्रवाळांची स्थिती आणि तिची तपासणी. हा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो.

पाणबुडे तळावर मोजपट्टी अंथरतात. पट्टीखाली आलेली जिवंत प्रवाळे, मृत सांगाडे, शैवाल, वाळू यांची लांबी लिहून घेतली की जिवंत प्रवाळांचे प्रमाण निघते. तीच जागा दरवर्षी मोजली तरच या आकड्याला अर्थ आहे. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते असे नाही. त्याच्या ऊतींत राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले उष्णतेने निघून जातात. पाणी वेळेत निवले तर ती परतू शकतात. सांगाड्यावर तंतुमय शैवालाची लव चढली, की तो भाग मात्र गेला. मालवणच्या ‘टर्बिनेरिया मेसेंटेरिना’ या पसरट, घडीदार प्रवाळावर सांगाड्याच्या असामान्य गाठीही आढळल्या आहेत.

सर्वांत उष्ण महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा पाणी १° से. वा अधिक तापले, तर गेल्या बारा आठवड्यांतला असा जादा ताप बेरजेत धरतात. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेच्या मापाने ही बेरीज ४ अंश-आठवडे झाली की प्रवाळे लक्षणीय प्रमाणात पांढरी पडण्याची आणि ८ झाली की मरण्याची भीती असते. भारतात हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था उपग्रही तापमानावरून असे इशारे देते. उपग्रहाला मात्र पृष्ठभागाचेच तापमान कळते. मालवणात पावसाळ्यात गाळ व गोडे पाणी येते, तर किनाऱ्यालगत खालचे थंड, कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. म्हणून क्षारता, गढूळपणा आणि प्राणवायू जागेवरच मोजावे लागतात.

  जगभरची प्रवाळे पांढरी पडण्याची तिसरी मोठी लाट (२०१४–१७) २०१५ च्या एल निनोच्या काळातली.

मालवणात उष्णतेखेरीज माणसांचाही ताण आहे. नवखे पर्यटक बुडी मारताना प्रवाळांवर उभे राहतात, होड्यांचे नांगर ती मोडतात. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरी नांगर टाकावाच लागू नये म्हणून होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवणे हा अधिक खात्रीचा उपाय. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किमी. दूर खोल समुद्रात असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या पाण्याखालच्या प्रवाळ-पठारावर नद्यांचा गाळ वा रोजचे पर्यटक पोचत नाहीत. तिथल्या नोंदींशी मालवणची तुलना नियमित झाली, तर उष्णतेने किती हानी केली आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी किती, हे वेगळे काढता येईल.