मार्शल फॉक : धावणारा की झेलणारा? दोन्ही!

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेले, एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी येतात. या धडकाधडकीच्या खेळात पायांइतकाच हातांनी आणि त्याहून जास्त डोक्याने खेळलेला एक खेळाडू म्हणजे मार्शल फॉक. १९९४ ते २००५ या काळात तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये खेळला. धावण्याचे १२,२७९ यार्ड आणि झेललेल्या पासचे ६,८७५ यार्ड अशी त्याची कमाई आहे. धावण्यात १२ हजार आणि झेलण्यात ६ हजार यार्डांचा टप्पा गाठणारा तो पहिलाच खेळाडू.

आधी खेळ समजून घेऊ

प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण.

चढाईचा सूत्रधार असतो क्वार्टरबॅक. त्याच्याजवळ उभा असतो रनिंग बॅक. क्वार्टरबॅकने हातात दिलेला चेंडू घेऊन गर्दीतून वाट काढत पळायचं, हे त्याचं मूळ काम. लांबवर धावत जाऊन हवेतून आलेला पास झेलणारे वेगळे असतात, त्यांना रिसीव्हर म्हणतात. जुन्या पद्धतीत या दोघांच्या कामाची चांगलीच वाटणी झालेली होती.

रनिंग बॅक पासही झेलू लागला की बचाव करणाऱ्यांची पंचाईत होते. त्याच्यावर नजर ठेवायला सहसा लाइनबॅकर असतो. हा गडी ताकदवान असतो, पण मोकळ्या मैदानात पळणाऱ्याला गाठताना कमी पडतो. त्याच्या जागी चपळ बचावपटू आणावा तर तो अंगाने हलका, मग सरळ धावणाऱ्याला थोपवताना त्याची दमछाक होते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. फॉकने आपली सगळी कारकीर्द या पेचावर उभी केली.

न्यू ऑर्लिन्सचा पोरगा

फॉकचा जन्म २६ फेब्रुवारी १९७३ रोजी लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. ‘डिझायर’ नावाच्या सरकारी गृहवसाहतीत तो वाढला. गरिबी आणि गुन्हेगारी या दोन्हींसाठी ही वसाहत ओळखली जायची. शाळकरी वयात शहरातल्या सुपरडोम स्टेडियममध्ये सामन्यांच्या वेळी त्याने पॉपकॉर्न विकले.

कार्व्हर हायस्कूलमध्ये तो दोन्ही बाजूंनी खेळायचा. अनेक मोठ्या विद्यापीठांना तो हवा होता, पण बचावपटू म्हणून. फॉकला मात्र चेंडू हातात घेऊन पळायचं होतं. ती संधी द्यायला सॅन डिएगो स्टेट विद्यापीठ तयार झालं आणि त्याने घरापासून दूरचं कॅलिफोर्निया गाठलं.

हा निर्णय किती बरोबर होता ते लगेचच दिसलं. १४ सप्टेंबर १९९१ रोजी पॅसिफिक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात या नवख्या पोराने ३८६ यार्ड धाव घेतली आणि सात टचडाऊन केले. ३८६ यार्ड हा तेव्हाचा विद्यापीठ पातळीवरचा विक्रम ठरला. पुढच्याच वर्षी सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला.

इंडियानापोलिसची पाच वर्षं

१९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. आदल्या हंगामात हा संघ १६ पैकी फक्त चार सामने जिंकला होता. फॉकने पहिल्याच सामन्यात १४३ यार्ड आणि तीन टचडाऊनची कामगिरी केली. हंगामाअखेर त्याच्या नावावर धावण्याचे १,२८२ यार्ड आणि ५२ झेल होते. चढाईतला सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. कोल्ट्सनेही त्या वर्षी आठ सामने जिंकले.

१९९५ च्या हंगामात संघ सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे फॉक त्या निर्णायक सामन्यात खेळू शकला नाही. कोल्ट्स पिट्सबर्गकडून १६-२० असे हरले. १९९६ मध्ये पायाच्या बोटाच्या दुखापतीने त्याला सतावलं आणि धावण्याची कमाई ५८७ यार्डांवर घसरली. ‘हा फार दिवस टिकायचा नाही,’ अशी कुजबूज तेव्हाच सुरू झाली.

१९९८ मध्ये कोल्ट्सकडे पेटन मॅनिंग नावाचा नवा क्वार्टरबॅक आला. अननुभवी क्वार्टरबॅकवर दबाव आला की त्याला जवळचा, भरवशाचा माणूस लागतो. फॉकने त्या हंगामात ८६ पास झेलले आणि धावणं व झेलणं मिळून २,२२७ यार्ड केले. लीगमध्ये हा आकडा सर्वाधिक होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या टेरेल डेव्हिसचे २,२२५ यार्ड झाले होते, म्हणजे अंतर फक्त दोन यार्डांचं! संघाने मात्र १६ पैकी तीनच सामने जिंकले.

कवडीमोल सौदा

या हंगामानंतर फॉकला नवा, वाढीव करार हवा होता. कोल्ट्सच्या व्यवस्थापनाला तो द्यायचा नव्हता. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी लीगमधल्या या सर्वात उत्पादक खेळाडूला सेंट लुईस रॅम्सकडे सोपवलं. बदल्यात काय घेतलं? ड्राफ्टमधल्या दुसऱ्या आणि पाचव्या फेरीतली एकेक निवड. बस्स!

कोल्ट्सची बाजूही पाहायला हवी. रनिंग बॅक दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा आपटला जातो. गुडघे आणि घोटे लवकर झिजतात, तिशीच्या आसपास वेग ओसरतो. त्यामुळे ‘जुना महाग करण्यापेक्षा नवा घ्या’ असा हिशेब संघ मांडतात. कोल्ट्सने त्याच ड्राफ्टमध्ये एजरिन जेम्सला घेतलं आणि तोही पुढे मोठा खेळाडू झाला. त्यामुळे कोल्ट्सचं फार बिघडलं नाही. पण रॅम्सचं नशीब मात्र पालटलं.

रॅम्सचा सुवर्णकाळ

रॅम्सचा संघ १९९८ मध्ये चार सामने जिंकून तळाला होता. त्यांनी फॉकशी सात वर्षांचा, सुमारे साडेचार कोटी डॉलरचा करार केला. हंगामापूर्वी मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जखमी झाला आणि कर्ट वॉर्नर या अनोळखी खेळाडूवर जबाबदारी आली. वॉर्नर काही वर्षांपूर्वी किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. त्याच्या जोडीला आयझॅक ब्रूस आणि टॉरी होल्टसारखे रिसीव्हर होते. चढाईची आखणी माइक मार्ट्झ यांच्याकडे होती.

मार्ट्झ यांनी फॉकला एका जागी बांधून ठेवलं नाही. कधी तो क्वार्टरबॅकमागे, कधी थेट मैदानाच्या कडेला रिसीव्हरच्या जागेवर. कधी धावण्याची हूल देऊन तो मधल्या मोकळ्या जागेत शिरायचा, तर कधी बचावपटूंना पुढे येऊ देऊन त्यांच्या डोक्यावरून आलेला छोटा पास घ्यायचा आणि समोर उभ्या असलेल्या आपल्याच गड्यांच्या आडोशाने सुटायचा. पास नसेल तेव्हा वॉर्नरवर धावून येणाऱ्याला अडवायचं, हेही काम त्याचंच. समोरची मांडणी वाचून हल्ला कुठून येणार हे तो आधीच ओळखायचा.

१९९९ चे आकडेच बघा. धावण्याचे १,३८१ यार्ड, ८७ झेल, झेलण्याचे १,०४८ यार्ड. एकाच हंगामात दोन्हींत हजार ओलांडणारा तो इतिहासातला दुसराच. याआधी १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉजर क्रेगने हे केलं होतं. एकूण २,४२९ यार्ड हा तेव्हाचा विक्रम होता, तो २००९ मध्ये ख्रिस जॉन्सनने मोडला.

३० जानेवारी २००० रोजी अटलांटात सुपर बोल झाली. टेनेसी टायटन्सने फॉकची धाव पूर्ण रोखली, दहा प्रयत्नांत जेमतेम १७ यार्ड. पण त्याच सामन्यात त्याने पाच पास झेलून ९० यार्ड मिळवले. एक दार बंद झालं की दुसरं उघडायचं, ही त्याची खासियत इथे कामी आली. शेवटच्या क्षणी टायटन्सचा खेळाडू टचडाऊनपासून एका यार्डावर अडवला गेला आणि रॅम्स २३-१६ ने जिंकले.

२००० मध्ये फॉकने १८ धावून आणि ८ झेलून असे एकूण २६ टचडाऊन केले. हाही तेव्हाचा विक्रम, आणि तोही दोन सामन्यांना मुकल्यावर! त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. चढाईतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तर १९९९, २००० आणि २००१ असा सलग तीनदा मिळाला. या तिन्ही हंगामांत रॅम्सने पाचशेहून जास्त गुण केले.

घरच्या मैदानावरचा पराभव

३ फेब्रुवारी २००२. सुपर बोल न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. ज्या स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकले, तिथेच फॉक सर्वात मोठा सामना खेळायला उतरला. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स होते आणि पारडं रॅम्सचं जड मानलं जात होतं.

पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी मात्र नेमकी नस पकडली होती. त्याच हंगामात त्यांनी वॉर्नरवर दबाव टाकून पाहिला होता आणि सामना गमावला होता. या वेळी लक्ष्य बदललं. फॉक कुठे उभा आहे ते प्रत्येक वेळी हेरायचं आणि चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, त्याला धक्का द्यायचाच, असा त्यांचा आदेश होता. धक्का बसला की त्याची पास घेण्याची वेळ चुकायची आणि वॉर्नरचा हिशेब बिघडायचा. शेवटच्या किकवर पेट्रियट्स २०-१७ ने जिंकले. वॉर्नरसारखा क्वार्टरबॅक समोर असताना संपूर्ण डावपेच रनिंग बॅकभोवती आखावे लागले, यातच फॉकचं मोल कळतं.

उतार आणि निवृत्ती

२००२ पासून गुडघे कुरकुरू लागले. धावण्याची कमाई ९५३, ८१८, ७७४ अशी दरवर्षी खाली येत गेली. २००४ मध्ये रॅम्सने स्टीव्हन जॅक्सनला घेतलं आणि २००५ मध्ये फॉक राखीव भूमिकेत गेला. २००६ चा हंगाम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेला. मार्च २००७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

२०११ मध्ये ओहायोतल्या कँटन इथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी सन्मान मिळालेल्या डिऑन सँडर्सच्या हाताखाली २०२५ मध्ये तो कोलोराडो विद्यापीठात रनिंग बॅकचा प्रशिक्षक झाला.

मागे काय उरलं?

झेलांच्या संख्येत लॅरी सेंटर्स (८२७) त्याच्या पुढे आहे. पण झेललेल्या पासच्या यार्डांत कोणताही रनिंग बॅक फॉकच्या पुढे नाही. हजार-हजारचा पराक्रम त्याच्यानंतर थेट २०१९ मध्ये कॅरोलायनाच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने केला. धावण्याचे १,३८७ आणि ११६ झेलांतून १,००५ यार्ड.

गंमत म्हणजे मॅकॅफ्रीलाही त्याच्या संघाने २०२२ मध्ये ड्राफ्टमधल्या काही निवडींच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं आणि पुढच्याच हंगामात तो चढाईतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन कामं एकट्याने करणाऱ्याला पगार किती द्यायचा, हा १९९९ मध्ये कोल्ट्सला पडलेला प्रश्न एनएफएलच्या संघांना आजही सुटलेला नाही.

कारकीर्द एका नजरेत

- संघ : इंडियानापोलिस कोल्ट्स (१९९४–१९९८), सेंट लुईस रॅम्स (१९९९–२००५)
- सामने : १७६
- धावणं : १२,२७९ यार्ड, १०० टचडाऊन
- झेलणं : ७६७ झेल, ६,८७५ यार्ड, ३६ टचडाऊन
- सर्वात मौल्यवान खेळाडू : २०००
- सुपर बोल : एक विजय, एक पराभव