आकड्याची रुंदी

‘आपली शाळा कुठे आहे?’ हा प्रश्न वर्गात एकदा विचारून पहा. एसटी स्टँडच्या मागे, ओढ्याच्या अलीकडे, मारुतीच्या देवळाला लागून, अशी उत्तरे येतील. ती सगळी बरोबर असतात, पण गाव ठाऊक असलेल्यालाच ती उपयोगी पडतात. ज्याने आपले गाव कधी पाहिलेले नाही त्यालाही पुरेल असा पत्ता फक्त दोन आकड्यांचा असतो : अक्षांश आणि रेखांश.

या दोन आकड्यांचा इतिहास सांगायला आम्ही फलटण निवडले, त्याला कारण आहे. फलटण शहर साधारण १७ अंश ५९ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७४ अंश २६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे पूर्ण १८ अंशाची रेषा शहराच्या उत्तरेला दोनेक किलोमीटरवरून जाते. फलटणहून बारामतीला निघालेली एसटी ही रेषा ओलांडते. लोणंद, तरडगाव करत फलटणला येणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखीही दरवर्षी ती ओलांडते. रस्त्यावर अर्थातच काही दिसत नाही. पण हातात मावणारे जीपीएस यंत्र किंवा आजचा मोबाइल घेऊन चालत गेलो, तर एका ठिकाणी पडद्यावर नेमके १८ अंश उमटतात. आपण थांबतो. मग प्रश्न पडतो : ही रेषा खरोखर इथेच आहे का? ती केवढी रुंद आहे?

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यावर शेतकऱ्याचा बांध आणि सारा दोन्ही अवलंबून राहिलेले आहेत.

साखळीचे दिवस

फलटणहून नीरा ओलांडून पूर्वेकडे गेले की इंदापूर तालुका लागतो. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या भागात जमिनीची पाहणी सुरू केली. १८२०च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा ठरवला. तो शेतकऱ्यांना पेलला नाही आणि जमिनी पडीक पडू लागल्या. म्हणून १८३५ मधे गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणी आणि साराबंदी रूढ झाली तिची सुरुवात इथली. शेत मोजायचे, त्याला नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचे. आजही आपण ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो याच पद्धतीतला.

या मोजणीचे साधन होते ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. मुलांना गुणाकार करू द्या : ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट आणि असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. गुंठ्याची एक बाजू सुमारे १० मीटर असते. हे १० मीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

साखळीने एक शेत मोजता येते, पण सगळी शेते आणि गावे एकाच नकाशात नीट बसवायची तर आधी देशभर काही पक्के बिंदू हवेत. ते काम त्रिकोणमितीने झाले. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मधे मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक पायारेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत उत्तरेकडे काम नेले. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे आपण नववी-दहावीला शिकवतोच. कोन मोजण्याचे त्याचे मोठे थिओडोलाइट यंत्र अर्धा टन वजनाचे होते. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि त्याचे थडगेही तिथेच आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. बीदरपासून मुंबईकडे त्रिकोणांची एक मालिका एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणली गेली. बीदर आणि फलटण यांच्या अक्षांशांत फारच थोडा फरक आहे, तेव्हा ही मालिका आपल्याच पट्ट्यातून आली असे म्हणायला हरकत नाही.

हे लोक चुकीला फार जपत. लॅम्ब्टन साखळी लाकडी पन्हळीत ठेवून, वर तंबूची सावली धरून मोजत असे. कारण साधे आहे. तापमान दहा अंशांनी वाढले तर १०० फुटी पोलादी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांबते. एका साखळीत हे काहीच नाही, पण १२ किलोमीटरांत ते जवळजवळ दीड मीटर होते आणि पायारेषेतली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. आपल्या आकड्याला किती रुंदी आहे हे मोजणाऱ्याने स्वतःच शोधून काढायचे, ही या कामाची शिस्त होती.

उपग्रहांचे दिवस

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोघांनी त्याचा रेडिओ संदेश ऐकला. शिट्टी वाजवत जाणाऱ्या गाडीचा आवाज जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड होतो, तसाच बदल त्यांना संदेशात आढळला आणि त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग उलटा विचार पुढे आला : उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल.

या विचारातून पुढे अमेरिकी सैन्याची जीपीएस यंत्रणा उभी राहिली. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मधे गेला आणि १९९५ मधे २४ उपग्रहांची यंत्रणा पूर्णपणे कामाला लागल्याचे जाहीर झाले. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह अचूक घड्याळ बाळगतो आणि ‘आत्ता इतके वाजले, मी इथे आहे’ असा संदेश सतत पाठवतो. संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या स्वस्त घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी असल्यामुळे किमान चार उपग्रह लागतात. चार अज्ञात, चार समीकरणे. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते.

हातात धरून वापरण्याची यंत्रे १९८९ पासून बाजारात आली. पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी सैन्य मुद्दाम चूक मिसळत असे. तिच्यामुळे यंत्राचा आकडा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. १०० मीटर म्हणजे दहा साखळ्या. बारामती रस्त्यावर अठराव्या अंशाची रेषा शोधायला निघालेल्या माणसाला ती रेषा कुठल्या शेतातून जाते हेसुद्धा सांगता आले नसते आणि ते ठरवले होते हजारो मैलांवरच्या एका कार्यालयाने.

१ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करण्याची घोषणा केली. वॉशिंग्टनमधे मध्यरात्र होत असताना ती थांबली. आपल्याकडे तेव्हा २ मेच्या सकाळचे साडेनऊ वाजले होते. जगभरच्या यंत्रांवरचे हेलकावणारे आकडे काही क्षणांत स्थिरावले आणि रुंदी १०० मीटरवरून दहा-वीस मीटरवर आली.

डब्याचा खेळ

दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर याने एक बादली रानात ठेवली. आत काही पुस्तके, गलोल, शेंगांचा डबा अशा वस्तू आणि एक वही होती. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने जाहीर केले. सापडल्यास एक वस्तू घ्या, एक ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. नवे आकडे खरोखर किती नेमके आहेत हे त्याला तपासायचे होते. बादली लोकांना लवकरच सापडली. महिनाअखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले आणि आता तो जगभर खेळला जातो.

अशा खेळाचा एक पूर्वजही आहे. इंग्लंडमधे डार्टमूरच्या माळावर एका दुर्गम जागी १८५४ मधे एका वाटाड्याने बाटली ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे. आणखी एक सख्खा भाऊ म्हणजे १९९६ मधे अमेरिकेत सुरू झालेला उपक्रम : जिथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश छेदतात, तिथे प्रत्यक्ष जाऊन छायाचित्र काढायचे. फलटणकरांना असे दोन छेदबिंदू जवळ आहेत. १८ आणि ७४ अंशांचा पश्चिमेला वाई-खंडाळ्याच्या बाजूला, तर १८ आणि ७५ अंशांचा पूर्वेला अकलूज आणि इंदापूर यांच्या दरम्यान.

जिओकॅशिंग खेळणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते. यंत्र डब्याजवळ नेते, डब्यापाशी नेत नाही. शेवटचे चार-पाच मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात : दगडाखाली, ढोलीत, मुळांमधे. यंत्राचा आकडा म्हणजे एक वर्तुळ असते, बिंदू नसतो. शाळेत या खेळाचा खरा उपयोग हे शिकण्यासाठी आहे.

पुन्हा बांधावर

कारण हेच मोबाइल यंत्र घेऊन आता लोक शेत मोजतात. चौरस एकराची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. मोबाइलने दोन्ही बाजू फक्त तीन-तीन मीटर जास्त दाखवल्या तर? ६६.६ गुणिले ६६.६ म्हणजे ४,४३६ चौरस मीटर, जवळजवळ ४४ गुंठे. चाळीस गुंठ्यांच्या शेतात चार गुंठे हवेतून आले! शेजाऱ्याच्या मोबाइलने तीन मीटर कमी दाखवले, तर त्याचे जवळजवळ चार गुंठे नाहीसे होतात. दोघेही आपल्या पडद्याची शपथ घेतील आणि भावकीत भांडण लागेल. पडद्यावर मात्र अक्षांश दशांश चिन्हानंतर पाच-सहा अंकांपर्यंत दिसतो. पाचवा अंक म्हणजे सुमारे एक मीटर आणि सहावा सुमारे दहा सेंटिमीटर. साधा मोबाइल तितका नेमका नसतो. पडद्यावर अंक जास्त दिसले म्हणून मोजमाप जास्त खरे होत नाही.

भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत जे रोव्हर यंत्र वापरतात तेही उपग्रहांचेच संदेश घेते, पण त्याला पक्क्या बिंदूवरच्या केंद्राची जोड असते. त्या केंद्राची खरी जागा आधीच ठाऊक असल्यामुळे त्या क्षणी उपग्रहांच्या आकड्यात किती चूक येते आहे ते कळते आणि रोव्हर तेवढी चूक वजा करतो. मग रुंदी काही सेंटिमीटरवर येते. लॅम्ब्टनच्या पक्क्या बिंदूंचीच ही पुढची पिढी. भारताने स्वतःचे उपग्रहही सोडले. पहिला १ जुलै २०१३ रोजी गेला, २०१६ मधे सातवा गेला आणि यंत्रणेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पण उपग्रह कोणाचेही असोत, रुंदीचा प्रश्न राहतोच.

आणखी एक गंमत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांसाठी पृथ्वीच्या आकाराचे एव्हरेस्टने १८३० मधे ठरवलेले माप वापरले होते. जीपीएस दुसरे, नवे माप वापरते. त्यामुळे आपल्या भागात एकाच जागेच्या आकड्यांत शंभरएक मीटरचा फरक पडतो. म्हणजे फलटणजवळची अठराव्या अंशाची रेषा जुन्या नकाशात एका जागी आणि मोबाइलवर दुसऱ्या जागी! दोन्ही आपापल्या मापाने बरोबर आहेत. आकडा सांगताना तो कोणत्या मापाने काढला हेही सांगावे लागते.

करून पहा

१. शाळेच्या मैदानात एक खूण करा. दर पाच मिनिटांनी तिथे मोबाइल ठेवून अक्षांश-रेखांश लिहा. दहा नोंदी झाल्या की आलेख कागदावर मांडा. आपल्याकडे अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा आणि रेखांशाचा सुमारे २९ मीटरचा असतो, त्यावरून प्रमाण ठरवा. ठिपके किती पसरले? हीच तुमच्या आकड्याची रुंदी. भिंतीजवळ आणि झाडाखाली पुन्हा करा.

२. दोन गट करा. एकाने शाळेच्या आवारात डबा लपवून आकडे द्यावेत, दुसऱ्याने शोधावा. डबा आवाराबाहेर ठेवू नका. बेवारस डब्यामुळे लोक घाबरतात.

३. अठरा अंशांची रेषा फलटणच्या वाट्याला आली, पण पूर्ण मिनिटाची रेषा दर १.८ किलोमीटरला असते, म्हणजे प्रत्येक गावाजवळ एक सापडतेच. आपल्या गावची रेषा शोधा आणि ती कुठून कुठपर्यंत असू शकेल ते दोन दगडांनी दाखवा. रस्त्यावर जायचे तर मोठ्यांनी बरोबर असावे.

हे झाल्यावर गावात मोजणीसाठी येणाऱ्या भूकरमापकाला एकदा शाळेत बोलवा आणि त्याच्या यंत्राचा आकडा किती मीटरने चुकू शकतो हे मुलांनाच विचारू द्या. ज्या मुलीने मैदानातले दहा ठिपके स्वतः मांडले आहेत, ती उद्या घरात बांधावरून वाद निघाला आणि कोणी मोबाइल पुढे केला, तर हाच प्रश्न त्या मोबाइलबद्दलही विचारील.